त्याचा नकार आधी ऐका

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि दोनदा ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, चालू आहे. स्वतःहून फारसं बोलत नाही, पण लोकल त्याला फार आवडते आणि 'पुढील स्टेशन घणसोली' ही घोषणा दिवसभर म्हणत असतो. डोक्याला हात लावलेला चालत नाही, केस कापायचे म्हटलं तरी घर डोक्यावर घेतो.

सासूबाईंच्या ओळखीतून ठाण्याला एका ॲक्युपंक्चरवाल्यांकडे गेलो. डोक्यावर आणि जिभेवर सुया लावल्या की मेंदूतले अडकलेले मार्ग मोकळे होतात आणि तीन महिन्यांत मुलगा बोलायला लागेल, असं ते म्हणाले. चाळीस सिटिंगचे ४८ हजार, आणि सगळे आधी भरायचे. आम्ही पाच हजार टोकन दिलं. त्याच दिवशी त्यांनी डोक्यावर तीन-चार सुया लावल्या. मी हात धरले, ह्यांनी पाय धरले. तो इतका रडला की उलटी झाली. आता गाडीत ठाणे आलं की तो उतरायलाच तयार नसतो. ते म्हणतात की सुरुवातीला सगळीच मुलं रडतात, मग सवय होते.

दोन्हीचा खर्च झेपणार नाही म्हणून तीन महिने ओटी बंद ठेवायचा विचार आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका आईचा मुलगा याच उपचारानंतर बोलायला लागला. सासूबाई म्हणतात, करून तर बघा. हे म्हणतात, तोटा तर काही नाही. मला मात्र झोप लागत नाही. मी नाही म्हटलं आणि पुढे कळलं की उपयोग झाला असता, तर? सोमवारी पुढची सिटिंग आहे.

— एक आई, कोपरखैरणे

उत्तर

ताई, नमस्कार.

सोमवार जवळ आहे, म्हणून आधी उत्तर सांगते. ती सिटिंग रद्द करा. ओटी बंद करू नका. उरलेले ४३ हजार भरू नका. टोकन परत मागा. मिळालं तर बरं, नाही मिळालं तर सोडून द्या, पण पाच हजार बुडू नयेत म्हणून पुढची रक्कम त्यात घालू नका.

आता कारणं.

तोटा काही नाही, असं तुमचे यजमान म्हणतात. मुलाच्या मायेपोटीच म्हणतात, याबद्दल मला शंका नाही. पण तोटा झालेला आहे आणि तो तुमच्याच पत्रात लिहिलेला आहे. ज्या मुलाला लोकल जीव की प्राण, तो ठाणे आलं की जागेवरून हलत नाही. ज्याच्याकडे 'मला तिथे नेऊ नका' एवढे शब्द नाहीत, तो ते अंगाने सांगतो. अंग ताठ करतो, खाली बसतो, रडतो, ओकतो. हे सांगणंच आहे ताई, आणि ते अगदी स्पष्ट आहे. तुम्ही हात धरलेत याचा दोष मी तुम्हाला देत नाही. समोरचा माणूस उपचार करणारा आहे, ठामपणे बोलतो आहे, तेव्हा कुठलीही आई हात धरते. पण दुसऱ्यांदा धरू नका.

हे मी केवळ दया वाटते म्हणून सांगत नाही. तुमच्या स्पीचच्या बाईंना विचारून बघा, बोलायला शिकवताना त्या सुरुवात कुठून करतात. 'दे', 'अजून', 'नको' इथूनच करतात. मूल हात ढकलतं, मान फिरवतं आणि समोरचा माणूस थांबतो, असं पुष्कळदा घडलं की मुलाला उमगतं की आपण काही केलं तर त्याचा समोरच्यावर परिणाम होतो. संवादाची इच्छा त्यातून येते, शब्द त्यानंतर येतात. आता चाळीस वेळा त्याच मुलाला आडवं करून आपण हे शिकवणार की तू काहीही कर, कितीही सांग, कुणी थांबणार नाही. ज्या बोलण्यासाठी ही सगळी धडपड, त्याच्या मुळावरच तो घाव बसतो.

'मग सवय होते' या वाक्याची तर मला भीती वाटते. सवय झालेलं मूल आणि हार मानलेलं मूल बाहेरून सारखंच दिसतं, दोघंही गप्प पडून राहतात. दिव्यांग मुलांवर अत्याचार होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, हे जगभरातल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. मोठी माणसं आपलं अंग धरतात आणि आपण काही करू शकत नाही, असा धडा या मुलांना जितका कमी मिळेल तितकं बरं.

तुम्ही म्हणाल, मग लसही टोचायची नाही का? टोचायची. दाताला कीड लागली तर दातही दाखवायचा, आणि गरज पडली तर धरूनही ठेवायचं. तिथे फायदा पक्का ठाऊक असतो, काम काही मिनिटांत संपतं आणि दुसरा मार्ग नसतो. सक्ती करायची तर कारणही तेवढंच भक्कम हवं. सुयांच्या बाबतीत तसं कारण आहे का, ते आता बघू.

ॲक्युपंक्चर ही चीनची जुनी पद्धत. शरीरात ठरावीक वाहिन्यांमधून 'ची' नावाची शक्ती वाहते, ती कुठे अडली की आजार होतो आणि योग्य जागी बारीक सुई लावली की ती वाट मोकळी होते, अशी तिची मांडणी आहे. तुम्हाला सांगितलेले 'मेंदूतले अडकलेले मार्ग' हे त्याच मांडणीचं आजच्या भाषेतलं रूप. ऑटिझममध्ये मोकळा करावा असा कुठलाही अडथळा मेंदूत सापडलेला नाही. या मुलांच्या मेंदूची जडणघडणच गर्भापासून वेगळी होत जाते, आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

आपल्याकडे ॲक्युपंक्चरचा विषय निघाला की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव हमखास येतं. सासूबाईंच्या पिढीला त्यांच्याबद्दल फार आदर आहे, आणि तो असायलाच हवा. पण कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला, आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्यांच्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी, पुढे बऱ्याच वर्षांनी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ॲक्युपंक्चरसाठी कायदा केला आणि केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. म्हणजे ही पद्धत बेकायदा नाही. जुनाट पाठदुखी, मायग्रेन, केमोथेरपीनंतरची मळमळ अशा काही तक्रारींत तिचा उपयोग होत असल्याला थोडाफार आधारही आहे. पण सरकारी मान्यता मिळते ती पद्धतीला. अमुक आजार तिने बरा होतो, असा दाखला त्या मान्यतेत नसतो. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र बघताना हा फरक यजमानांनाही दाखवा.

ऑटिझमपुरतं बोलायचं तर कॉक्रेन या संस्थेचा आढावा बघायला हवा. एखाद्या उपचारावर जगात झालेल्या चाचण्या गोळा करून, त्यांतल्या उणिवा तपासून निष्कर्ष काढणं हे तिचं काम. ऑटिझम आणि ॲक्युपंक्चरचा तिचा आढावा २०११ मध्ये आला. तो लिहिणाऱ्यांत हाँगकाँगच्या अशा डॉक्टर होत्या ज्यांनी स्वतः ऑटिझमच्या मुलांवर जिभेच्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या केल्या होत्या. म्हणजे या पद्धतीबद्दल आधीच मनात अढी असलेली ही माणसं नव्हती. त्यांना दहा चाचण्या सापडल्या, त्यांत ३ ते १८ वयाची ३९० मुलं होती. चाचण्या चीन, हाँगकाँग आणि इजिप्तमधल्या. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर, म्हणजे इतरांशी जोडलं जाणं आणि तेच ते वागणं यांवर, खऱ्या सुया आणि नुसत्या दिखाऊ सुया यांच्यात फरक दिसला नाही. संवादाच्या काही मोजमापांत थोडी सुधारणा दिसली, पण चाचण्या लहान, कमी मुदतीच्या आणि इतक्या कच्च्या होत्या की त्यावर विसंबता येणार नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. ऑटिझमसाठी ॲक्युपंक्चर वापरावं असा पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष. त्यानंतरही चाचण्या झाल्या, मुख्यतः चीनमध्ये. २०२५ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये पूरक उपचारांचा एक मोठा आढावा आला, त्यात ॲक्युपंक्चरही होतं. ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर भक्कम पुराव्याने टिकेल असा एकही पूरक उपचार त्यात निघाला नाही.

२०११ च्या त्या आढाव्यात त्रासांचीही नोंद आहे. रक्त येणं, भीतीने किंवा दुखून रडणं, चिडचिड, झोप बिघडणं, चंचलपणा वाढणं. तुम्ही एका दिवसात यातलं रडणं बघितलंत.

आता त्या दुसऱ्या आईचं. ती खोटं बोलत नाही. तिचा मुलगा खरंच बोलायला लागला असेल, आणि त्या घरातला आनंद मी समजू शकते. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तसं या वयात फार वेळा होतं. २०१३ मध्ये 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ऑटिझम असलेल्या ५३५ मुलांचा अभ्यास आला होता. चौथ्या वर्षी या सगळ्यांचं बोलणं खूपच मागे होतं. त्यांतली सुमारे ७० टक्के मुलं आठ वर्षांची होईपर्यंत शब्द जोडून बोलायला लागली, आणि जवळजवळ निम्मी सलग, ओघात बोलू लागली. चार ते आठ या काळात कुठलाही उपचार केला तरी त्यानंतर काही मुलं बोलणारच, आणि श्रेय त्या वेळी जे चालू असेल त्याला जाणार. ज्यांच्या मुलांना सुयांनी काहीच झालं नाही, त्या आया ग्रुपवर लिहीत नाहीत. त्यांचे पैसे गेलेले असतात आणि मन खट्टू झालेलं असतं.

आणखी एक हकिगत सांगते, कारण आपल्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा हे तिच्यातून कळतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाचं इंजेक्शन ऑटिझमवर रामबाण आहे, अशी लाट आली होती. १९९९ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी काही मुलांना सिक्रेटिन आणि काहींना नुसतं मीठपाणी टोचलं. कुणाला काय दिलं हे पालकांना ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांतल्या मुलांत सुधारणा नोंदवली गेली, आणि दोन गटांत फरक काहीच नव्हता. निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. त्या पालकांना मी नावं ठेवणार नाही. आशेने बघणाऱ्या डोळ्यांना मुलाची प्रत्येक नवी नजर, प्रत्येक नवा आवाज दिसतो, एरवी तो सुटून गेला असता. म्हणून तर मीठपाण्याचा गट लागतो.

सुया धोकादायक आहेत का, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की शिकलेल्या हातात, निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या सुयांनी मोठा धोका कमी असतो. मुलांमधल्या ॲक्युपंक्चरच्या सुरक्षिततेचा एक आढावा २०११ मध्ये आला. त्यात बहुतेक त्रास किरकोळ होते. जंतुसंसर्ग, फुप्फुसाभोवती हवा शिरणं अशा गंभीर घटनाही होत्या, पण थोड्या, आणि त्यांतल्या बऱ्याच निष्काळजी हाताळणीमुळे झाल्या असाव्यात असं लिहिणाऱ्यांचं मत होतं. तेव्हा मी तुम्हाला सुईची भीती घालत नाही. हात-पाय मारणाऱ्या मुलाच्या डोक्यात सुया असणं मात्र कुठल्याच आढाव्यात बसणारी गोष्ट नाही. अशा वेळी सुई वाकते, खोल जाते, निघून गादीत पडते.

खरा मोठा तोटा ओटी बंद करण्यात आहे. तीन महिने ओटी थांबवली तर काय थांबेल ते बघा. डोक्याला हात सहन होणं, केस कापून घेणं, बटण लावणं, नवीन चव तोंडात घेणं. पुढच्या जूनमध्ये शाळेत टिकायला यांतलं प्रत्येक लागणार आहे. शिवाय आठवड्यातल्या तीन संध्याकाळी ठाण्याच्या गर्दीत जाऊन येण्यात जाणार. दमलेलं मूल घरी येऊन खेळत नाही, नुसतं चिडतं.

त्यापेक्षा त्या 'पुढील स्टेशन'कडे वळा. पत्रातली ही ओळ वाचून मला मनापासून आनंद झाला. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं हे निरर्थक बडबडणं नसतं. ऑटिझम असलेली पुष्कळ मुलं भाषेत याच दारातून शिरतात, आधी अख्खं वाक्य उचलतात आणि मग त्याचे तुकडे करतात. तुमच्या मुलाने जे वाक्य उचललं आहे त्याच्या शेवटी एक मोकळी जागा आहे, आणि ती जागा वापरायची. त्याच्यासमोर, त्याच्या उंचीला बसा. 'पुढील स्टेशन…' म्हणा आणि थांबा. मनात सावकाश दहा मोजा. बोलू नका, हाताने खुणावू नका, नुसतं त्याच्याकडे बघत राहा. तो 'घणसोली' म्हणाला तर तुम्ही खूश झालेल्या दिसा आणि गाडी पुढे न्या: रबाळे, ऐरोली. काही दिवसांनी घरातली स्टेशनं सुरू करा. पुढील स्टेशन आंघोळ. पुढील स्टेशन पोळी. पुढील स्टेशन चप्पल. एक काम संपवून दुसऱ्याकडे जाताना ही मुलं बिथरतात, तिथेही याचा फार उपयोग होतो, कारण आता काय येणार हे त्याला त्याच्याच भाषेत कळतं. मग एखाद्या दिवशी मुद्दाम चुकीचं स्टेशन सांगा. त्याने दुरुस्त केलं, नुसतं 'अं' करून हात जरी ढकलला, तरी त्या दिवशी त्याने संभाषण केलं असं समजा. स्पीचच्या बाईंना हे सांगा, त्या यात भर घालतील. त्या चित्रांची कार्डं किंवा टॅबवरचं एखादं ॲप सुचवतील तर घाबरू नका. त्याने बोलणं मागे पडतं ही समजूत चुकीची आहे. आणि घरी मराठीच बोला. दोन भाषांनी ही मुलं गोंधळतात म्हणून फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिला असेल. त्याला आधार नाही.

आईवडिलांनी करायच्या या कामाला पुरावा आहे, आणि तो आपल्या शेजारचा आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत दोन ते नऊ वयाच्या ६५ मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निकाल २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये आले. मोठ्या पदव्या नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी सहा महिन्यांत बारा बैठका घेतल्या. आई मुलाशी खेळताना व्हिडिओ काढायचा, मग दोघींनी बसून तो बघायचा: इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला. आया मुलांच्या कलाने घ्यायला शिकल्या आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम गेला नाही, आणि तसा दावाही कुणी केला नाही. मोबाइल तुमच्याकडेही आहे. रोज दहा मिनिटं खेळा, आठवड्यातून एकदा व्हिडिओ काढा आणि तो यजमानांबरोबर बघा. ते तोट्याफायद्याचा विचार करणारे गृहस्थ दिसतात. मुलात काय बदललं ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या नातवासाठी काहीतरी करू पाहत आहेत आणि त्यांच्या हातात हेच एक आलं. त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या. रात्री झोपताना तळपायाला, पोटऱ्यांना तेल लावून घट्ट दाबत चोळणं पुष्कळ मुलांना आवडतं, अंग शांत होतं. डोक्याला हात लावायचा नाही. त्याने पाय ओढून घेतला तर थांबायचं, पुन्हा पुढे केला तर चोळायचं. 'आजी, तो पाय पुढे करतो का बघा' असं सांगा. आजीसाठी त्याने स्वतःहून पाय पुढे केला की त्या घरात सुयांचा विषय निघायचा कमी होईल, असं मला वाटतं. ॲक्युपंक्चरबद्दल विचारलंच, तर आपले डॉक्टर आत्ता नको म्हणाले, एवढं पुरे. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना खरंच विचारून ठेवा, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही. त्यांना आणखीही विचारा: कानांची पूर्ण तपासणी झाली आहे का, बद्धकोष्ठता आहे का, रात्री घोरतो का, कधी फीट आली होती का. न बोलणाऱ्या मुलाचं पोट आठवडाभर दुखत असतं आणि घरात सगळे त्याला हट्ट समजत असतात, असं पुष्कळदा घडतं.

आणि तुमचा तो प्रश्न, ज्याने झोप उडाली आहे. मी नाही म्हटलं आणि पुढे कळलं तर? ताई, दार बंद होत नाही. साडेपाचला सुया लावल्या नाहीत म्हणून सातव्या वर्षी संधी गेली, असं काही नसतं. लवकर मदत मिळावी हे खरंच, पण ती मदत तुम्ही तिसऱ्या वर्षापासून देत आहात. उद्या चांगल्या चाचण्या झाल्या आणि उपयोग दिसला, तर तेव्हा जाता येईल. तो बारा-तेरा वर्षांचा होऊन, सुई हातात घेऊन बघून, डोकेदुखीसाठी स्वतःच करून बघूया म्हणाला, तर आनंदाने न्या.

घरात एकमत झालंच नाही आणि पुढे कधीतरी जावंच लागलं, तर काही गोष्टींवर अडून बसा. उपचार करणाऱ्यांची राज्याच्या ॲक्युपंक्चर परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं. वीज जोडलेल्या सुया नकोत, फीट आलेल्या मुलाला तर मुळीच नकोत. चाटायला किंवा प्यायला पुडी दिली तर घेऊ नका, अशा पुड्यांमध्ये शिसं आणि पारा सापडल्याची उदाहरणं आहेत. पैसे एका वेळेचे द्या. तेव्हा दुसरं काही नवं सुरू करू नका, आणि शाळेतल्या बाईंना सुयांबद्दल न सांगता महिन्याने विचारा, काही वेगळं वाटतं का. त्याने हात ढकलला की त्या दिवसापुरतं संपलं, मग पैसे भरलेले असोत वा नसोत.

हे असे सल्ले पुढेही येत राहतील. कुणी ऑक्सिजनच्या चेंबरबद्दल सांगेल, कुणी शरीरातले जड धातू काढणाऱ्या औषधाबद्दल, कुणी स्टेमसेलबद्दल लाखांच्या गोष्टी करेल. जड धातू काढायच्या उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला. स्टेमसेलला ऑटिझमसाठी भारतात मान्यता नाही. त्या मानाने ॲक्युपंक्चर सौम्य आहे, पण तुमची कसोटी एकच ठेवा: उपयोग कशावरून म्हणता, तो किती जणांना झाला, आणि माझं मूल नको म्हणालं तर तुम्ही थांबाल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा नीट बघा.

आता कामाचं. पैशांची ओढाताण आहे, तर नवी मुंबई महापालिकेच्या वाशीच्या ईटीसी केंद्रात जाऊन या. दिव्यांगांसाठीच ते आहे आणि कोपरखैरणे महापालिकेच्याच हद्दीत येतं. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या एनआयईपीआयडी या संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथेही तपासणी आणि मार्गदर्शन मिळतं. मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आधी त्याला लागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळतं. ते हाती आलं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विम्यासाठी अर्ज करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि थेरपीच्या खर्चाचाही काही भाग त्यातून परत मिळतो. अर्ज नॅशनल ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करायचा असतो. परतावा बिलांवर मिळतो, म्हणून ओटी आणि स्पीचच्या प्रत्येक भेटीची पावती आजपासून सही-शिक्क्यानिशी घ्या. स्पीच थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक आणि ओटीच्या बाईंचा राज्य परिषदेचा क्रमांकही त्यावर लिहून घ्या, म्हणजे नंतर धावपळ होणार नाही.